बारावीनंतर काय? आधी कागद बघा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी टक्क्यांची चर्चा. दिव्यांग मुलांच्या घरी आणखी एक टक्केवारी मोलाची ठरते, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची. ती किमान ४० असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत ५ टक्के जागा राखीव असतात. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सूट मिळते.

पण घोडं अडतं ते कागदावर. प्रमाणपत्रावरचा फोटो बालवाडीतला, मुदत कधीच संपलेली, नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा वेगळं! प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अकरावीतच तपासून घ्या. ऐन जूनमध्ये धावाधाव नको.

कॉलेज ठरवताना माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. मुलीला, मुलाला घेऊन स्वतः जा. फाटकाशी रॅम्प झकास असतो, प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला कुलूप. स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जाते का, हे विचारू नका, नेऊन बघा. आणि हो, शाखा कुठली हवी, ते आधी मुलांनाच विचारलंत ना?

एक गोष्ट बरेच पालक विसरतात. १८ पूर्ण झाली की मूल कायद्यानं सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल आणि खरोखर गरज असेल, तर कायदेशीर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. या समितीवर जिल्हाधिकारी असतात, म्हणजे चौकशीची सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयातूनच करा.