एक निरोप, अनेक नाद



आमचा जन्म कामगारांच्या सभांत गेला. आम्ही गवई नाही, इंजिनिअरही नाही. पण अनेकांना एकाच वेळी एक निरोप कसा पोचवावा, ही विवंचना आम्ही जन्मभर केली. सुपरकोलायडर या संगीतप्रणालीत ती कशी सोडवली आहे, तेवढेच सांगतो.

जेम्स मॅकार्टनी यांनी ही प्रणाली १९९६ साली प्रसिद्ध केली. २००२ पासून ती सर्वांना खुली आहे. तिचे दोन भाग आहेत. एक निरोप धाडतो. दुसरा, म्हणजे सर्व्हर, नाद निर्माण करतो. निरोपांची भाषा ओपन साउंड कंट्रोल, जन्म बर्कलीचा. धाडणारा दुसऱ्या संगणकावर असला तरी अडत नाही.

सर्व्हरवर नाद घडवणारा प्रत्येक कारागीर म्हणजे सिंथ. प्रत्येकाला क्रमांक असतो. 'क्रमांक १००१, स्वर उतरव' असे एकट्याला सांगता येते. पण वीस जणांना वीस निरोप कोण धाडणार? म्हणून त्यांचा गट करतात. गटालाही क्रमांक असतो. गटाला दिलेला निरोप आतल्या प्रत्येकाला लागू होतो. मात्र ज्याच्याजवळ त्या नावाची कळ नाही, तो जागचा हलत नाही. तेव्हा कळांची नावे आधी एकसारखी ठरवावी लागतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. सर्व्हर कामे रांगेने करतो. घुमारा देणारा सिंथ गाणाऱ्याच्या पुढे उभा केला, तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. तक्रारही येत नाही; नुसती शांतता!

तिसरी गोष्ट वेळेची. एकत्र वाजवायचे निरोप मोट बांधून, वर वेळ घालून, थोडे आधी धाडतात; नेहमीचा रिवाज ०.२ सेकंदाचा. मोट उशिरा पोचली, तर सर्व्हर उशिराची नोंद करतो आणि ती तेव्हाच अमलात आणतो. ताल मात्र गेलेला असतो.

एका संपात आमचे पत्रक एका खात्याला उशिरा पोचले. पहिल्या पाळीची माणसे कामावर गेली. आम्ही त्यांना फितूर म्हटले. आज कळते, दोष त्यांचा नव्हता; धाडणाऱ्यांचा, म्हणजे आमचा होता.

सिंथ 'का?' म्हणून विचारीत नाही. माणूस विचारतो, आणि त्याने विचारलेच पाहिजे. पण निरोप वेळेवर आणि समजेल असा पोचवण्याची जबाबदारी दोन्हीकडे धाडणाऱ्याचीच आहे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.