चिखलाचा काठ राहू द्या
(पक्षी सप्ताहानिमित्त मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पक्ष्यांवर चार शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा तळ्याकाठी डोळ्यांना जे दिसले आणि जाणत्यांचे वाचून-ऐकून जे समजले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवते.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शासनाने २०२० साली तसे ठरवले. ५ तारीख ही मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख आणि १२ ही डॉ. सालिम अली यांची. चितमपल्ली वनखात्यात होते; आपल्या मेळघाटातही त्यांनी काम केले. रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावे त्यांनी वेचली आणि पक्षिकोश सिद्ध केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते आपल्यातून गेले.

हा आठवडा येतो तो मोठ्या मोक्याच्या वेळी. घरोघरी दिवाळीची, नाही तर तुळशीच्या लग्नाची गडबड असते, आणि तिकडे तळ्यावर परदेशचे पाहुणे उतरू लागतात. लडाख-तिबेटकडचे चक्रवाक येतात. हिमालय ओलांडणारे पट्टकादंब येतात. टिलवा नावाचा एक इवलासा पक्षी आहे, वजनाने लिंबाहूनही हलका. तो थेट सायबेरियाकडून येतो. तिकडे बर्फ पडून पाणी गोठते, जमीन कडक होते, चोचीला दाणापाणी मिळत नाही. म्हणून ही मंडळी पोटासाठी हजारो मैल उडतात.

कुणी म्हणेल, असे पक्षी पाहायचे तर समुद्रकाठी जावे. खरे आहे. मुंबईला ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचे थवे तिथे चरायला उतरतात. आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. पण ओहोटी मात्र आहे! समुद्राला ती दिवसातून दोनदा लागते, आपल्या तळ्यांना वर्षातून एकदाच लागते आणि कार्तिकापासून पार उन्हाळ्यापर्यंत चालते. पाऊस थांबला, कालव्यांना पाणी सुटले, नळाला पाणी गेले, की तळ्याचे पाणी रोज बोट-दोन बोटे मागे सरते. मागे राहतो तो ओला गाळ. शेतकरी त्यात गाळपेर करतात, कारण त्याचा कस त्यांना ठाऊक आहे. पक्ष्यांनाही तो ठाऊक आहे. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी भरपूर असतात.

तिथली पंगत एकदा पाहाच. टिलवा आणि चिखल्या ओल्या चिखलावर धावत टिपतात. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात उभा राहतो. थापट्या बदक आपली पसरट चोच पाण्यात फिरवून गाळून खातो. वारकरी आणि टिबुकल्या खोल पाण्यात बुड्या मारतात. आणि एका बदकाचे तर नावच हळदीकुंकू! काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि कपाळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. हे मात्र इथलेच रहिवासी. प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकाचे पान वेगळ्या खोलीवर मांडलेले. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. पाण्याकडे हळूहळू उतरत गेलेला काठ असेल तरच ही पंगत बसते. सुशोभीकरण म्हणून तळ्याला चहूबाजूंनी दगडी भिंत घातली, तर पाणी भिंतीशी एकदम खोल. मग पाणी कितीही मागे सरो, चिखल उघडा पडणारच नाही. तळे तुडुंब दिसेल, पण टिलव्याला पाय टेकायला जागा उरणार नाही.

तुम्ही म्हणाल, चिखलाला वास येतो, मुले घसरतात, म्हाताऱ्या माणसांना फिरायला वाट नको का? हवी ना! मी घाटाच्या विरुद्ध नाही. माणसांसाठी एका बाजूला पायऱ्या बांधा, वाट करा, दिवे लावा. गाळ काढायचा तो मधून काढा. पण समोरची एक बाजू उतरती आणि उघडी ठेवा. वासाचे म्हणाल, तर तो पुष्कळदा आपण टाकलेल्या निर्माल्याचा आणि पिशव्यांचा असतो.

फोटोबद्दलही बोलले पाहिजे. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे, मुलांजवळ मोठे कॅमेरे आहेत. जरूर फोटो काढावेत. सकाळी ऊन पाठीशी घ्यावे, भडक कपडे टाळावेत, एका जागी खाली बसावे. पक्ष्याने चरणे सोडून मान वर केली की समजावे, आपण फार जवळ आलो, तिथेच थांबावे. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणे, खडे मारणे हे तर पाप आहे. लांबच्या प्रवासाने अंगातली चरबी झडलेली असते. खाऊन ती भरून काढायची की आपल्या हौसेपायी उडत राहायचे? दमून आलेल्या पाहुण्याला भरल्या ताटावरून आपण उठवतो का?

भगिनींनो, अमरावतीला छत्री तलाव आहे, वडाळी तलाव आहे. अकोल्याला कापशीचे तळे आहे. आपण अमरावतीकर अप्पर वर्धाचे पाणी पितो, अकोल्याच्या भगिनी काटेपूर्णेचे. ज्या पाण्यावर आपला स्वयंपाक होतो, त्याच्याच काठी हे पाहुणे जेवतात. म्हणून माझी दोन मागणी आहेत. या रविवारी सकाळी मंडळातर्फे तळ्यावर जाऊ आणि काठाचा कचरा वेचू. आणि तळ्याच्या कामाची बोलणी निघतील तेव्हा मंडळाचा अर्ज पहिला पोचावा : एक बाजू पाखरांसाठी ठेवा.

पाखरांना अर्ज लिहिता येत नाही. आपल्याला येतो.