एपीचा अभ्यास आणि वाचणारा माणूस



अमेरिकेतल्या मराठी शिक्षक-पालकांच्या या परिषदेची मी अध्यक्ष आहे. कॅल्क्युलस शिकवणारी शिक्षिका म्हणून पालक मला वारंवार विचारतात तोच प्रश्न आज घेते. शाळेत विषय न घेता मुलाने एपीची, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटची, परीक्षा घरी अभ्यास करून द्यावी का?

नियम आड येत नाहीत. वर्ग केलाच पाहिजे अशी ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची अट नाही. आपल्या शाळेत परीक्षा होत नसेल, तर दुसऱ्या शाळेच्या एपी समन्वयकाला गाठावे लागते, तेही शरद ऋतूतच. नोव्हेंबरच्या मध्यानंतर जादा शुल्क पडते. सेमिनार आणि रिसर्च हे दोन विषय मात्र शाळेतूनच करावे लागतात.

शाळेत विषय शिकवलाच जात नसेल आणि मुलाला त्याची ओढ असेल, तर त्याने परीक्षा जरूर द्यावी. गावाकडच्या छोट्या हायस्कूलमध्ये फिजिक्स सी शिकवणारे कोणी नसते. तिथल्या मुलीला मेकॅनिक्स शिकावेसे वाटले, तर तिला थांबवणे हा अन्याय होईल. पण शाळेत पाच एपी चालू असताना कॉलेजच्या अर्जावर सहावी दिसावी म्हणून ह्यूमन जिऑग्रफी दोन महिन्यांत उरकायची, याला माझा विरोध आहे. त्यात मुलाची झोप जाते आणि विषयही हाती लागत नाही. पाचपैकी पाच गुण मिळाले तरी सगळीकडे क्रेडिट मिळेलच असे नाही. कॅलटेक आणि डार्टमथ ते देत नाहीत.

घरच्या अभ्यासात खरी उणीव असते ती लिहिलेले वाचणाऱ्याची. व्हिडिओ भरपूर आहेत, खान अकॅडमी फुकट आहे. पण कॅल्क्युलसचे निम्मे गुण सविस्तर उत्तरांना असतात, आणि ती उत्तरे जूनमध्ये शिक्षक वाचतात. फलनाची स्थानिक कमाल किंमत कुठे आहे हे बरोबर सांगितले, पण तिथे डेरिव्हेटिव्ह धनाचा ऋण होतो हे कारण लिहिले नाही, तर गुण जातो. अमेरिकन इतिहासात सात कागदपत्रे समोर ठेवून निबंध लिहायचा असतो. आपला युक्तिवाद कुठे सुटला, हे मुलाला स्वतःला दिसत नाही. आपल्यातले इंजिनिअर बाबा उत्तर जुळले की पुढच्या गणिताकडे वळतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलाने लिहिलेली प्रत्येक ओळ वाचा.

असा वाचणारा माणूस काय करू शकतो, हे गणिताचे शिक्षक हायमे एस्कलांते यांनी दाखवले. ते बोलिव्हियातून या देशात आले आणि १९७४ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये रुजू झाले. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाले. त्यांतल्या १४ जणांवर नकलेचा संशय घेतला गेला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते सगळे पास झाले. त्यांच्यावरचा १९८८ चा चित्रपट पाहून हे झटपट घडले असे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती, अगदी बीजगणितापासून. ती मुले हुशार होतीच, पण त्यांची वही रोज बघणारा माणूस होता. हे विसरून आपण पुस्तक मागवतो, मुलाच्या टेबलावर ठेवतो आणि मे महिन्यातल्या परीक्षेची वाट बघतो. हे मला मान्य नाही.

म्हणून या परिषदेपुढे एक प्रस्ताव ठेवते. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे सविस्तर प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरे खुली ठेवते. आपल्यात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, वकील आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. ज्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ देता येईल, त्यांनी आपले नाव आणि विषय लिहून द्यावा. ज्या मुलांच्या शाळेत तो विषय नाही, त्यांची उत्तरे त्या निकषांवर तपासून परत करायची, एवढेच काम आहे. मूल मराठी कुटुंबातले असावे असे बंधन मी घालणार नाही. शेजारच्या शाळेतल्या मुलालाही येऊ द्या. पहिले नाव कॅल्क्युलससाठी माझे लिहून घ्या. दुपारच्या सत्रात बाकीच्या विषयांची यादी पूर्ण करू.