मुलांच्या डोळ्यांतील गंभीर जंतुसंसर्ग : जंतू गेल्यानंतरची दृष्टी

मुलांच्या डोळ्यांतील गंभीर जंतुसंसर्गाचा निकाल दोनदा लागतो : एकदा जंतू मेल्यावर आणि पुन्हा काही वर्षांनी, त्या डोळ्याला किती दिसते यावरून. साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. या काळात एका डोळ्याकडून धूसर प्रतिमा येत राहिली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. हाच अ‍ॅम्ब्लिओपिया.

नवजात अर्भकात परमा रोगाच्या जंतूची, म्हणजे गोनोकॉकसची, भीती सर्वांत मोठी, कारण हा जंतू धडधाकट कॉर्नियातही (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातही) शिरतो. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास जन्मतःच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि त्यांच्या रुग्णालयात अशा संसर्गाचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आले. आज यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन देतात; आईवडिलांवरही उपचार करावे लागतात.

डोळ्याच्या खोबणीतील संसर्ग बहुधा सायनसमधून, कागदासारख्या पातळ हाडापलीकडून येतो. नुसती पापणी सुजली असेल तर धोका कमी. डोळा पुढे आला, हलेनासा झाला किंवा नजर मंदावली, तर तातडीने सीटी स्कॅन आणि शिरेतून प्रतिजैविके हवीत. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलांची दृष्टी पूर्ण टिकते, कारण खुद्द नेत्रगोल शाबूत असतो.

कॉर्नियाच्या व्रणाचे तसे नाही. शेतात पाचट किंवा काटा लागून बुरशी शिरते, कुपोषित मुलात गोवर आणि जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता कॉर्निया विरघळवते, चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलांत स्यूडोमोनास हा जंतू आढळतो. मूल डोळा उघडतच नाही, घरच्यांना वाटते डोळे आले आहेत आणि दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. लाली कमी होते, बुरशी मात्र आत पसरत जाते. ही चूक सर्वांत महागात पडते आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

निदानासाठी व्रण खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते. तंतुमय बुरशीवर ५ टक्के नॅटामायसिन हे पहिले औषध. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकापेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियम या बुरशीवर. थेंब तासातासाला घालायचे असतात. रडणाऱ्या मुलाच्या अश्रूंबरोबर बरेच औषध वाहून जाते. म्हणून अशा मुलाला दाखल करून घेणेच शहाणपणाचे.

छिद्र पाडणारी जखम झाली तर संसर्ग नेत्रगोलाच्या आत पोचतो. त्यावर आत व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम टोचतात, गरज पडल्यास व्हिट्रेक्टमी (नेत्रगोलातील जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया) करतात. तरीही अशा अनेक डोळ्यांची दृष्टी क्षीणच राहते.

व्रण भरला की त्या जागी पांढरे फूल उरते. ते दाट आणि मध्यावर असेल तर कॉर्नियाचे प्रत्यारोपण हा मार्ग, पण मुलांत ते अधिक वेळा फसते : शरीर ते लवकर नाकारते, टाकेही लवकर सैल होतात. फूल कडेला किंवा पुसट असेल तर चष्मा किंवा कठीण कॉन्टॅक्ट लेन्स देऊन चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवतात. हे महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे घरी सोडतानाची नोंद हा उपचाराचा निष्कर्ष मानता येत नाही. फेरतपासणीच्या प्रत्येक खेपेला दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी मोजून लिहायला हवी.