खो-खोचे जागतिक विजेतेपद आणि आपले अंगण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात विद्या, व्यवसाय आणि विवाह या तीन विषयांवर दरवर्षी पुष्कळ विचार होतो व तो व्हावयासच पाहिजे. आज मात्र आम्ही एका खेळाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागत आहो. खेळ असा, की तो या सभागृहात बसलेल्या बहुतेक प्रत्येकाने शाळेच्या पटांगणात कधी ना कधी खेळला आहे आणि बहुतेक प्रत्येकाने पुढे सोडून दिला आहे. तो खेळ खो-खो होय.

१३ ते १९ जानेवारी २०२५ या सप्ताहात नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचे २० व महिलांचे १९ संघ तीत उतरले होते. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळचा ७८ विरुद्ध ४० आणि पुरुषांनी त्याच देशाचा ५४ विरुद्ध ३६ गुणांनी पराभव करून दोन्ही चषक जिंकले. महिलांचे नेतृत्व प्रियांका इंगळे यांनी व पुरुषांचे प्रतीक वाईकर यांनी केले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ही वार्ता ऐकून ज्याची छाती फुगली नाही असा मराठी माणूस विरळा.

या विजयाची मुळे आपल्याच मातीत आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांची चौकट घालून दिली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० साली विजयवाडा येथे भरली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर येथे महिलांची स्पर्धा सुरू झाली. १९९६ मध्ये कोलकाता येथे पहिली आशियाई स्पर्धा झाली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचा समावेश होऊन भारताने दोन्ही सुवर्णपदके मिळविली. नियम बांधल्यापासून विश्वचषकापर्यंत १११ वर्षे लागली, हे येथे ध्यानी घ्यावे.

एवढा काळ का लागला? या प्रश्नाचे उत्तर बास्केटबॉलशी तुलना केल्यास मिळते. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, थंडीत मुलांना घरात खेळता यावे म्हणून, फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकून तो खेळ निर्माण केला. त्याला आरंभीच लेखी नियम मिळाले आणि ते देशोदेशी नेणारी वाय.एम.सी.ए. ही संस्थाही मिळाली. अवघ्या ४५ वर्षांत, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, बास्केटबॉल हा पदकाचा खेळ झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच बर्लिन नगरीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डी, मल्लखांब, खो-खो इत्यादी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले, तथापि कौतुकाने खेळ रुजत नाही. परदेशी शाळांत तो शिकविणारे शिक्षक, नियमांची पुस्तके व ठरावीक सामने हे बास्केटबॉलपाशी होते, खो-खोपाशी नव्हते.

बास्केटबॉल आपल्याकडेही आला आणि वाढला. १९३४ पासून त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ खेळला. २०१७ मध्ये बंगळूर येथे आपल्या महिला संघाने आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीत कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे निसटते हरवून वरची श्रेणी गाठली. त्या संघात पुण्याच्या शिरीन लिमये होत्या. या खेळाविषयी आमच्या मनात परकेपणा नाही. दूरदेशी जन्मलेला खेळ येथे वाढू शकतो, तर येथे जन्मलेला खेळ दूरदेशी का वाढू नये, एवढेच आमचे म्हणणे.

विश्वचषकाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. आपल्या महिलांनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ गुणांनी हरविले. आकडा मोठा खरा, परंतु ज्या सामन्यात एका बाजूने इतके गुण होतात, तेथे दुसरी बाजू अजून रांगत आहे असाच त्याचा अर्थ होतो. याउलट पुरुषांच्या उद्घाटनाच्या सामन्यात नेपाळने आपल्याला ४२ विरुद्ध ३७ अशी झुंज दिली. आम्हांस तो दुसरा सामना अधिक मोलाचा वाटतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाल्याखेरीज जगज्जेतेपदाला वजन येत नाही.

खेळाचे रूपही बदलले आहे. आपण मातीवर खेळलो ते नऊ-नऊ गड्यांनी. आठ गडी मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसावयाचे, नवव्याने पाठलाग करावयाचा. त्याने दिशा बदलावयाची नाही, मधली पट्टी ओलांडावयाची नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जावयाचे. २०२२ साली पुण्यात अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि मॅटवरचा, सात गड्यांचा, कोणत्याही दिशेला धावण्याची मुभा असलेल्या ‘वजीर’ गड्याचा वेगवान खेळ दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला. जुन्या खेळाडूंपैकी काहींना हा बदल रुचत नाही. पळणाऱ्याची हुलकावणी व मातीवरचा सूर यांत जी गोडी होती, ती मॅटवर उणावते असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही; पण मॅटमुळे पावसाळ्यातही सराव होतो आणि परदेशी मुलांना खेळ चटकन कळतो, हेही खरे आहे. एका गोष्टीला मात्र कोणी हात लावलेला नाही. बसलेल्या गड्याला पाठीमागचे काही दिसत नाही. सोबत्याचा स्पर्श आणि ‘खो’ हा एक उच्चार, एवढ्यावर विसंबून त्याने झेपावयाचे असते. त्या क्षणी सोबती कोणाच्या कुळातला, याचा विचार करावयास वेळच नसतो. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही, उलट ते येथेच सांगितले पाहिजे असे वाटते.

आता खेळाडू कोठून आले ते पाहू. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाच्या कर्णधार असलेल्या सारिका काळे या तेव्हाच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. सुमारे दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्या जिल्ह्याकडे वळलो तर सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील आदिवासी मुलींनी खो-खोत नाशिकचे नाव गाजविले आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवून आले. ज्यांच्या गावी पाण्याचे हाल, त्यांच्यातून नौकानयनपटू निघाला! गुणवत्तेची वाण या जिल्ह्यात नाही.

मग आपल्या ज्ञातीतील मुले-मुली त्यांत का दिसत नाहीत? कारण उघड आहे. मुलगा नववीत गेला की शिकवणीची वेळ मैदानाच्या वेळेवर चालून येते, आणि मुलगी आठवीत गेली की “आता पुरे झाले धावणे” असे घरातूनच सांगितले जाते. हे सांगणारे तिचे वैरी नसतात. आई, आजी, काकू यांना तिची काळजीच असते. संध्याकाळी मैदान कोठे, सोबत कोण, परत आणणार कोण, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देणे हे मात्र एकट्या कुटुंबाचे काम नव्हे. संस्था असते ती याचकरिता. विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. शिखरावर पोचलेल्यांचा हा सन्मान योग्यच झाला. पायथ्याशी उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला मात्र कोटींची गरज नाही. तिला रोज तासभर सुरक्षित मैदान हवे आहे.

येथे आम्ही आपल्या घरच्या प्रश्नावर येतो. वसतिगृहामागील मोकळ्या जागेवर मंगल कार्यालय बांधावे अशी सूचना सर्वसाधारण सभेपुढे आहे. ती मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. कार्यालयाचे उत्पन्न येईल, त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देता येतील. आमचा त्यास विरोध नाही. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, त्याभोवती थोडी मोकळी जागा लागते. कार्यालय रस्त्याच्या अंगाला सरकविले आणि वाहनांची जागा थोडी आवरली, तर मागे एवढे अंगण सहज राहते. साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि फक्की. इतक्या स्वल्प खर्चात जगज्जेतेपदापर्यंत पोचविणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. बांधकामाच्या आराखड्यात हे मैदान कायमचे राखून ठेवावे. सायंकाळचा एक तास मुलींकरिता असावा आणि त्या वेळी आळीपाळीने दोन माता-भगिनींनी तेथे उपस्थित राहावे. आणि हे मैदान आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता आसपासच्या सर्व मुलांना खुले करावे, कारण केवळ आपल्यातली मुले जमवून दोन पुरते संघसुद्धा उभे राहणार नाहीत, आणि राहिले तरी खेळाचा कस लागणार नाही.

सभेचा निर्णय पुढील रविवारी होणार आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने घरी जाऊन आपल्या मुलीला वा नातीला विचारावे, की तुला संध्याकाळी खेळावयास मिळते काय. आणि तिचे उत्तर ऐकून मग हात वर करावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.