घंटा कोण वाजवणार?



मला 'आयटीतल्या गमतीजमती सांग' असं सुचवलं होतं. त्या जेवताना सांगेन. आत्ता जे डोक्यात आहे तेच बोलते.

३० सप्टेंबर १९९३ आठवतोय? आपण सातवीत होतो. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. किल्लारी लांब, तरी इथे सोलापुरात आपण अंथरुणातून थेट रस्त्यावर. पुढे शाळा भरली तेव्हा बाईंनी कितीतरी दिवस वर्ग कडुनिंबाखाली घेतला. आपल्याला मज्जाच वाटायची. आता वाटतं, तो भूकंप सकाळी अकराला झाला असता तर? जिन्याखालच्या मागच्या दाराला कायम कुलूप, आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. मामा पोस्टात गेले की दार बंदच. दोष कुणाला देत नाही. ते कुलूप मधल्या सुट्टीत पळून जाणाऱ्या आपल्यासारख्यांमुळेच लागलं होतं!

काही वर्षांपूर्वी कामासाठी जपानात असताना एका सहकाऱ्याबरोबर इशिनोमाकी इथली ओकावा प्राथमिक शाळा पाहायला गेले. शाळा म्हणजे आता तिचे अवशेष, जपून ठेवलेले. ११ मार्च २०११ला दुपारी २.४६ वाजता भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात आणलं. इथवर सगळं बरोबर. पण मैदानातून पुढे कुठे जायचं, हे ठरेना. शाळेच्या मागेच टेकडी आहे. मी तिथे उभी होते, अगदी हाताशी वाटते. याच मुलांनी पूर्वी तिच्यावर मशरूम लावले होते. 'टेकडीवर जाऊ' असं काही मुलं म्हणतही होती. पण धक्के चालूच होते, झाडं पडतील, मुलं घसरतील अशी भीती. समुद्र जवळपास चार किलोमीटरवर, आणि सरकारी नकाशाप्रमाणे पाणी इथवर येणारच नव्हतं. पन्नासेक मिनिटं अशीच गेली. ती निघाली आणि त्सुनामी नदीतून वर चढून आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

त्या शाळेकडे आपत्कालीन आराखडा नव्हता असं नाही. होता. त्यात मैदानानंतरची जागा म्हणून 'जवळची मोकळी जागा किंवा बाग' एवढंच लिहिलेलं होतं. कुठली, ते नव्हतं. पालक कोर्टात गेले. २०१८मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने म्हटलं की चूक त्या पन्नास मिनिटांतलीच नाही, आधीच्या तयारीतलीच आहे. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशीत मात्र शाळेतली मुलं जवळजवळ सगळी वाचली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले, ठरलेल्या जागी पोचली, तिथेही धोका वाटला तशी आणखी वर पळाली. त्यांनी ते आधी केलेलं होतं, पुन्हा पुन्हा.

हे ऐकून मला आमच्या ऑफिसातला एक दिवस आठवला. रोज रात्री बॅकअप व्हायचा, रोज सकाळी हिरवा दिवा. सर्व्हर बसला तेव्हा फाइल उघडली, तर आत काही नाही. दोन वर्षांत कुणी उघडूनच पाहिली नव्हती. दिवा बघणारी मीच होते. आमचा फक्त डेटा गेला.

आपल्या बॅचने कमानीसाठी पैसे जमवलेत. कमान व्हावी, माझी वर्गणी परत मागत नाहीये. पण त्याआधी एकदा सगळी शाळा रिकामी करून बघू. घड्याळ लावून. तिसऱ्या मजल्यावरची पाचवीची मुलं किती मिनिटांत खाली येतात? व्हीलचेअरवरच्या मुलाला कोण उचलणार? हजेरीपट कोण घेऊन येणार? आजोबा न्यायला आले तर मूल कुणाच्या सहीने द्यायचं? आणि मुख्याध्यापिका त्या दिवशी मीटिंगला गेल्या असतील, तर 'निघा' कोण म्हणणार? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. आपल्याकडे मोठ्यांना विचारल्याशिवाय कुणी हलत नाही, आणि मोठ्यांचा फोन लागत नाही.

पहिल्या वेळी गोंधळ होईल, मुलं हसतील. होऊ दे. मागच्या दाराला आतून ढकलून उघडणारा आडवा दांडा बसवू, सिनेमा थिएटरात असतो तसा. म्हणजे बाहेरून कुणी येणार नाही आणि किल्ली शोधावी लागणार नाही. त्याचा खर्च मी देते.

बाई, सोमवारची मी रजा टाकली आहे. मधल्या सुट्टीनंतर चालेल ना? आणि घंटा कोण वाजवणार, तेवढं आजच ठरवू या.