सावकाराचे डोळे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



'काका, तुम्ही बँकेतले, मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोला,' असं मला सांगण्यात आलं होतं. पण परवा जिन्यात बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, 'तुमचा तो आंधळा बोका अजून आहे का हो?' म्हटलं, आहे, आणि चांगला आहे. तेव्हाच विषय बदलला. थकबाकीदारांनी सुटकेचा श्वास सोडायला हरकत नाही.

आमच्या बोक्याचं नाव सावकार. लहानपणापासून मी हिशेबाची वही उघडली की हा त्यावर येऊन बसायचा, म्हणून नातीने ठेवलेलं नाव. आता बारा वर्षांचा आहे. त्याचा मधुमेह कळला तो डिसेंबर २०२३ मध्ये. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातबंदी आली. मार्केटात लिलाव बंद, गावात दुसरा विषय नाही, आणि मी घरात बसून मांजर किती पाणी पितं ते मोजतोय! वाडगाच्या वाडगा रिकामा करायचा, रेतीचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागायचा, खाणं दुप्पट आणि वजन मात्र उतरत चाललेलं. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला. हीच लक्षणं असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी स्वतः एकोणीस वर्षांचा मधुमेही, तरी!

तेव्हापासून दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. पुष्कळ लोक हसले. 'काका, मांजराला इन्सुलिन?' त्यांना मी सांगत असे, की उलट आहे गड्या. १८८९ साली जर्मन डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला, तेव्हा रोगाचं मूळ सापडलं. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी औषध काढलं तेही आधी कुत्र्यांवर वापरून. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं. मुक्या जनावरांच्या जिवावर मिळालेलं औषध आहे ते. थोडं परत गेलं तर काय बिघडलं?

एक गोष्ट मात्र इथे सांगतोच, कारण आपल्या तिन्ही विंगमध्ये इन्सुलिन घेणारे आहेत. बाजारात इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलीलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. सिरिंजही वेगळ्या; चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीच पट डोस जातो. माझ्या हातून हे एकदा होता होता राहिलं. सौ.ने हात धरला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि घरात टोपणाचा रंग पाहिला नाही.

आता डोळ्यांचं. गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी सावकार दिवाणावरून उडी मारायला गेला आणि सरळ टीपॉयवर आपटला. मग भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत लख्ख ऊन असताना त्याच्या बाहुल्या रात्रीसारख्या मोठ्या, काळ्याभोर. मी कानाच्या कडेला टोचून साखर पाहिली, की एकदम उतरली तर नाही? तशी उतरली तरीही जनावर धडपडतं, तेव्हा हिरड्यांना मध चोळून डॉक्टरांकडे धावायचं असतं. पण आकडा २४० होता. मग मीच निदान केलं: मधुमेह आहे, वय झालंय, मोतीबिंदू झाला असेल. रविवार गेला. सोमवारी पाऊस होता. मंगळवारी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं. ते गाई-म्हशींचे, पण त्यांनी मिनिटभरात सांगितलं, 'काका, थांबू नका, आजच नाशिकला न्या.'

विंचूर, निफाड करत साठेक किलोमीटर गेलो. पिशवीत बसून सावकार रस्ताभर ओरडत होता. नाशिकच्या डॉक्टरांनी त्याच्यासमोर कापसाचा बोळा टाकला. कापूस पडतो त्याचा आवाज होत नाही, म्हणून कापूस. याने मान वळवली नाही. मग शेपटीला एवढासा पट्टा बांधून त्यांनी चक्क ब्लडप्रेशर मोजलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे! मांजरात एकशे साठच्या वर गेलं की काळजी करायची, असं ते म्हणाले. डोळ्यामागचा पडदा दोन्हीकडे सुटला होता.

मी म्हटलं, म्हणजे साखरेमुळेच ना? तर नाही. कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू हमखास होतो, मांजरांना क्वचितच. म्हातारं मांजर एकाएकी आंधळं झालं तर पहिला संशय ब्लडप्रेशरचा घ्यायचा, आणि त्यामागे बहुधा मूत्रपिंड असतं. याचंही रक्त तपासलं तर मूत्रपिंड थकलेलं निघालं. गोळी दिली ती अम्लोडिपिनची, मी रोज सकाळी घेतो तीच, फक्त कणभर. आपल्या डब्यातली मोडून घालू नका, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. शुक्रवारीच आणला असता तर आशा जास्त होती, हेही त्यांनी सांगितलं. चार दिवस मी घालवले. तीन आठवड्यांनी डाव्या डोळ्याला उजेड कळायला लागला. त्यापुढे नाही.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस तो पलंगाखालून निघेना. मग आम्ही शिकलो. घरातली एकही वस्तू हलवायची नाही. खाण्याच्या वाडग्याखाली गोणपाटाचा तुकडा आणि रेतीच्या ट्रेपुढे रबरी मॅट, म्हणजे पंजाला कळतं आपण कुठे आलो. कांद्याच्या गावात गोणपाटाला काय तोटा! हात लावण्याआधी नाव घ्यायचं. उचललं तर मध्येच कुठे सोडायचं नाही, वाडग्यापाशीच ठेवायचं, तिथून त्याला अख्खं घर पाठ आहे. गॅलरीला जाळी. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला आणि त्याने प्रेमाने सोफा फिरवून ठेवला. सावकार तीनदा आपटला आणि मुलाने रात्री अकराला सोफा परत जागेवर नेला.

दाराबाहेरचा पॅसेज मात्र माझ्या हातात नव्हता. सावकाराला संध्याकाळी दारापासून जिन्यापर्यंत जाऊन यायची सवय. मी कोणाला काही म्हटलं नव्हतं. पण हळूहळू लक्षात आलं, की समोरच्यांचं चपलांचं कपाट रोज त्याच फरशीवर असतं, आणि वरच्या मजल्यावरची सायकल आमच्या भिंतीला टेकायची बंद झाली. रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्यांना डबे आमच्या मजल्यावर ठेवू नका असं वॉचमनने सांगितलं. सर्क्युलर नाही, ठराव नाही. पार्किंगच्या एका पट्ट्यासाठी आपण तीन सभा घेतल्या होत्या, आठवतंय ना?

नाशिकच्या त्या डॉक्टरांनी निघताना मला विचारलं होतं, 'काका, तुमच्या डोळ्यांचा पडदा कधी तपासला?' मी म्हटलं, दरवर्षी चष्म्याचा नंबर काढतो. ते म्हणाले, नंबर वेगळा, पडदा वेगळा. थेंब घालून बाहुली मोठी करून आतून पाहावं लागतं, मधुमेह्याने वर्षातून एकदा. एकोणीस वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं. दुखत नाही, दिसायला कमी होत नाही, मग कशाला जायचं? गेलो. उजव्या डोळ्यात पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. दोन वेळा लेझर करून घेतलं. आज हा कागद मी स्वतः वाचतोय.

पावणेआठ झाले. आठला सावकाराची सुई असते आणि त्याला माझ्यापेक्षा घड्याळ जास्त कळतं. मी पाच मिनिटांत वर जाऊन येतो, तुम्ही पंगत बसवा. माझ्यासाठी जिलबी ठेवू नका.